रिंगवरचे तीन ठोके

आमच्या बेंजो पार्टीचं नाव मी इथं लिहिणार नाही. कोरेगावपासून सांगलीपर्यंत पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तो नाव सांगेल आणि सांगता सांगता बोटानं टेबलावर ठोकून दाखवेल: टक, टक, आणि जरा दम खाऊन तिसरा टक. हे तीन ठोके आमच्या ड्रमवाल्याचे. ड्रमच्या लोखंडी रिंगवर तो काठीनं मारायचा आणि तिसऱ्या ठोक्याला माझा बेंजो उठायचा. हल्ली डीजेवाले तेच ठोके मशिनीत घालून वाजवतात. परवा एसटीत शेजारच्या माणसाचा मोबाइल वाजला, तर त्यातही तेच. कुठून आणलेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "असंच असतंय नेटवर." म्हटलं, असेल बाबा.

आता बेंजो माहीत नसलेले लोकही निघालेत, म्हणून सांगतो. लांबट लाकडी पेटी, आत तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. त्याला करंट देऊन भोंग्यात सोडला की असला कडक आवाज निघतो की म्हातारासुद्धा कंबर हलवतो. तो शिकायला मला कुणी गुरू भेटला नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, तिथं एक मोडका बेंजो दुरुस्तीला आला आणि मालक परत न्यायला आलाच नाही. मग काय, तोच माझा गुरू आणि तीच माझी शाळा.

ड्रमवाला मला कोरेगावच्या बाजारात सापडला. माण तालुक्यातला माणूस, दहिवडीच्या पलीकडचा. शेरडं विकायला आला होता, ती विकली गेली नव्हती, आणि वैतागून तेलाच्या रिकाम्या डब्यावर बोटं मारत बसला होता. मी दोन पेंड्या मेथी घ्यायला गेलो होतो. मेथी राहिली बाजूला, तासभर मी त्याच्यासमोर उभा. शेवटी तोच म्हणाला, "शेरडू घ्यायचं हाय का नुसतं बघायचं हाय?" मी त्याला तसाच घरी घेऊन आलो. बायकोनं मेथीचं विचारलं, मी त्याच्याकडं बोट केलं. पुढं अकरा वर्षं लग्नसराईत आणि गणपतीत तो आमच्याच घरी राहिला, आमच्याच ताटात जेवला.

कॅसिओवर गावातलाच एक मास्तर होता, ढोलकीला एक जण होता, आणि बस्स. चार माणसं, एक हातगाडा, एक जनरेटर, चार भोंगे आणि अंगात लाल चकाकते शर्ट. फुशारकी मारत नाही, पण आम्हाला सुपारी घेता आली नाही म्हणून लोकांनी लग्नाची तारीख पुढं ढकललेली मी बघितली आहे. सांगलीला एका जैन शेतकऱ्याच्या घरी वरात होती. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून वरात चारलाच निघाली. ऊन मी म्हणत होतं, तरी माणूस हलायला तयार नाही. शेवटी वरबाप स्वतः येऊन म्हणाला, "आता पुरे करा, नाहीतर आज सगळं घर उपाशी झोपंल." शिराळ्याकडं एका जवानाची सुट्टी गणपतीच्या आधीच संपत होती, तर त्याच्या आळीनं साध्या मंगळवारी आम्हाला बोलावून त्याला नाचवला आणि मग गाडीत बसवला. असले दिवस होते.

या सगळ्यात माझी एक खोड होती. वाजवताना मी मान वर करत नसे. बटणं आणि तारा, याच्या पलीकडं मला काही दिसायचं नाही. गाडा कुठल्या गल्लीत शिरला, पुढं कोण नाचतंय, मला पत्ता नसे. बघायचं काम ड्रमवाल्याचं. तो गाड्यावर उंच बसलेला असायचा, आम्ही बाकीचे खाली गाड्यालगत चालायचो. विजेची तार खाली आली असेल, समोर दवाखाना असेल, मशीद असेल, एखाद्या घरात कुणी गेलं असेल, तर त्याला लांबून दिसायचं. तो हात थांबवायचा आणि आम्ही सगळे थांबायचो. ते घर मागं पडलं की रिंगवर तीन ठोके, आणि पुन्हा सुरू. दुःखाच्या दारात वाजवायचं नाही, ही सगळ्या वाजवणाऱ्यांची रीत आहे. ती कुणी शिकवावी लागत नाही.

दुसरी एक रीत म्हणजे सामना. दोन मंडळांच्या मिरवणुका एकाच चौकात समोरासमोर आल्या की दोन्ही पार्ट्यांनी तोंडाला तोंड लावून वाजवायचं. जो आधी थांबेल त्यानं गाडा मागं घ्यायचा आणि दुसऱ्याला वाट द्यायची. आम्ही कधी गाडा मागं घेतला नव्हता. अकरा वर्षांत एकदाही नाही.

बावीसएक वर्षं झाली. कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात विसर्जनाच्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर मिरजेकडची एक पार्टी आम्हाला आडवी आली. तीही काही ऐरीगैरी नव्हती. पाऊण तास झाला, तास झाला. माझ्या बोटाचं कातडं सोललं होतं. समोरच्या बेंजोची एक तार तुटल्याचं मला कानानं कळलं, आणि मी मनात म्हटलं, आता गेलास बेट्या. गाड्याची पोरं आम्हाला हळूहळू पुढं सरकवत होती. आणि त्याच क्षणी आमचा ड्रम बंद पडला.

नुसता बंद. मी दोन-चार सूर एकट्यानं वाजवले, कॅसिओवाला गडबडला, ढोलकी थांबली. समोरच्या लोकांनी आरोळी ठोकली. शिट्ट्या, गुलाल, त्यांच्या पार्टीला खांद्यावर घेतलं. आमच्या मंडळाची पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि माझं डोकं फिरलं. मी गाड्यावर चढलो. त्याच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या आणि हजार माणसांसमोर म्हणालो, "हात मोडले का रं तुझे? माणच्या शेरड्या, तुला आणला ही माझीच चूक." तो काहीतरी सांगायला लागला होता. मी त्याला दंडाला धरून खाली ओढला आणि काठ्या ढोलकीवाल्याकडं दिल्या. त्यानं शर्टाची बटणं काढली, तो लाल शर्ट घडी करून माझ्या बेंजोवर ठेवला आणि बनियनवर चालत गर्दीतून निघून गेला.

घाटावर मूर्ती पोचल्यावर मला कळलं. चौकाच्या कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारी नुकतीच गेली होती. मिरवणूक मोडू नये म्हणून घरच्यांनी रडणंसुद्धा दाबून धरलं होतं. पण दारात पुरुषमाणसं बसली होती आणि एक जण तिरडीचा बांबू तासत होता. ते गाड्यावरून फक्त त्याला दिसलं. आम्ही त्या दाराच्या तोंडाशी आलो आणि त्यानं हात थांबवला. त्याला काय माहीत नव्हतं आपण हरणार ते? माझ्याहून चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. तुम्हीही हेच म्हणाल, बायकोही हेच म्हणाली, "आवं, जावा की, बोलून या. लांब का हाय दहिवडी?" मी म्हणालो, त्यानं मला खुणेनं सांगायचं होतं. मग म्हणालो, दसरा होऊ दे. मग म्हणालो, त्याला गरज असेल तर तो येईल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही शाबूत होता. ती चार-पाच वर्षं सांगत राहिली आणि नंतर तिनं विषय काढायचं सोडून दिलं. मला वाटलं, विसरली.

त्याच्या जागी दुसरे दोघे ठेवून बघितले. ड्रम वाजायचा, पण मी मान खाली घातली की मला भीती वाटायची. पुढं डीजे आला, भिंतीएवढे स्पीकरचे डबे आले, आमच्या चार भोंग्यांना कोण विचारतं? ढोलकीवाला मुंबईला कामाला गेला, तिकडचाच झाला. मास्तर वारले. बेंजो पलंगाखाली गेला. आणि गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी पाच दिवस बायको गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेली होती, तिसऱ्या दिवशी घरी आणली ती तशी.

मला एकटं वाटतं, हे लिहायला लाज कसली? मुलगी पुण्याहून रोज फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो. पण मी तापट माणूस आहे, मला भांडायला कुणीतरी लागतं. चहात साखर कमी का, म्हणून ओरडावं तर चहा मीच केलेला असतो. संध्याकाळी गावातल्या घराघरातून भांड्यांचे आवाज येतात, तेवढ्या वेळात मी टीव्ही मोठा करून ठेवतो. बेंजो एकदा काढून बघितला. एकट्यानं वाजवला तर तो आवाज रिकाम्या हौदात बोलल्यासारखा आला, पुन्हा ठेवून दिला.

यंदा आमच्या गावच्या मंडळाचं पन्नासावं वर्ष. श्रावणात मंडळाचा अध्यक्ष दोघांना घेऊन घरी आला. कुणाच्या तरी लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट त्यांना सापडली होती, ती मोबाइलवर आणून मला दाखवली. त्यात मी दिसतच नव्हतो, नुसतं माझं डोकं. वर गाड्यावर तो दिसत होता, चौफेर बघत असलेला. अध्यक्ष म्हणाला, "तात्या, यंदा डीजे न्हाई. तुमचाच बेंजो. तुमी वाजवायचं बगा." मी म्हणालो, वर्ष सरायचं आहे माझ्या घरचं. मग म्हणालो, "ड्रमवाला आला तर वाजवीन. तो न्हाई तर मी न्हाई." पोरांना वाटलं मी अडून बसलोय. खरं म्हणजे मला बावीस वर्षांनी त्याच्याकडं जायला निमित्त पाहिजे होतं, आणि तो नाही म्हणाला असता तर माझ्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

दहिवडीच्या एसटीत मी एकच वाक्य घोकत होतो, माझं चुकलं. दोन शब्द. उतरल्यावर वस्तीपर्यंत अर्धा तास चालत गेलो, तेव्हाही तेच. तो घरामागच्या बाभळीखाली शेरडांना पाला टाकत होता. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आलास व्हय."

"आलो."

"बस."

मी बसलो आणि म्हणालो, "शेरडं किती हायती?"

"दिसत्यात की," तो म्हणाला. बावीस वर्षं, दोन शब्द, आणि माझ्या तोंडातून काय आलं तर शेरडं किती.

मग मंडळाचं सांगितलं. त्यानं आपली बोटं माझ्यासमोर धरली. सांधे सुजलेले होते. "न्हाई जमायचं गड्या. ही आता काठी धरतील का?" मी म्हणालो, माझीही तशीच आहेत. तो चहा ठेवायला आत गेला. मी दारात उभा राहिलो आणि फळीवर मला आमच्या घरचा डबा दिसला.

स्टीलचा, कडीचा. बायकोला लग्नात माहेराहून आलेला, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या वडलांचं नाव कोरलेलं. मी त्या डब्याकडं बघत राहिलो. त्यानं चहा गाळता गाळता विचारलं, "तुला ठावं न्हवतं?"

मला नव्हतं ठाऊक. दर दिवाळीला ती फराळाचा डबा भरून गावच्या स्टँडवर जायची आणि दहिवडीच्या कंडक्टरकडं द्यायची. तो डबा वर्षभर इथं राहायचा. दसऱ्याला नवी मटकी निघाली की हा तोच डबा मटकीनं भरून परत पाठवायचा. आमच्या घरी दसऱ्यानंतर मटकीची उसळ व्हायची, आणि मी दरवर्षी विचारायचो, एवढी गोड मटकी कुठली? ती म्हणायची, "बाजारातली." मी घरात ताठ मानेनं बसून त्याची मटकी खात होतो.

"गेल्या साली डबा भरून स्टँडवर गेलो," तो म्हणाला. "कंडक्टर म्हणाला, कुणाला देऊ? बाई गेल्या, आठ दिस झालं. तसाच माघारी आणला."

"मग आला न्हाईस," मी म्हणालो.

"कसा येऊ? तू खाली उतरवलं हुतंस. चढ म्हणाया तूच पायजे हुतास."

वाक्य जिभेवर होतं. तरी मी म्हणालो काय, तर डबा नेऊ का? "ठेव तो," त्यानं मला तिथंच थांबवलं. "तुझा न्हाई, तिचा हाय." निघताना मी विचारलं, येतोस का? तो म्हणाला, "बघू. शेरडांना कोण मिळालं तर." परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो, कारण मला रडू येत होतं.

विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक तीनला निघायची होती. गाडा सजला, जनरेटर आला, भाड्यानं ड्रम आणला. अध्यक्षानं साताऱ्याचा एक ड्रमवाला गुपचूप आणून ठेवला होता, मला ते दिसलं आणि मी पेटीचं झाकण लावून टाकलं. दहिवडीची बाराची गाडी आली, त्यात तो नव्हता. दीडची आली, नव्हता. पोरं मला काही बोलत नव्हती, पण आपसात बोलत होती. अडीचची गाडी आली तेव्हा मी स्टँडकडं बघायचंच नाही असं ठरवून पायाच्या बोटांकडं बघत बसलो होतो. कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. हातात कापडी पिशवी. म्हणाला, "शर्ट कुठाय माझा?"

शर्ट बायकोनं जपून ठेवला होता, तेवढं मला माहीत होतं. तो त्याच्या अंगाला बसला नाही, मग खांद्यावर टाकला. दोघांनी धरून त्याला गाड्यावर चढवला. त्यानं काठ्या हातात घेऊन तोलून बघितल्या, चौफेर नजर टाकली, आणि रिंगवर मारले: टक, टक, आणि दम खाऊन तिसरा टक.

कसं वाजवलं ते विचारू नका. बोटं जड होती, दोनदा चुकलो, त्यानं सांभाळून घेतलं. लोक नाचण्यापेक्षा मोबाइल वर धरून उभे होते. पण पहिल्या दोन गल्ल्यांनंतर माझी मान खाली गेली. बावीस वर्षांनी मला भीती वाटत नव्हती. कुठं चाललोय, पुढं काय आहे, याची काळजी करणारा वर बसला होता. बटणं आणि तारा, दुसरं काही नव्हतं.

आणि ड्रम बंद पडला.

माझे दोन सूर पुढं गेले. मग माझा हात थांबला. आधी हात थांबला, नंतर मी मान वर केली. समोर माझंच दार होतं. कुलूप लावलेलं, कारण घरात दुसरं कोण होतं?

"काय झालं तात्या, करंट गेला का?" अध्यक्ष पुढून धावत आला.

"करंट हाय," वरून तो म्हणाला. "हितलं वरीस सरलं न्हाई अजून."

तो सावकाश खाली उतरला, पिशवीतून डबा काढला, माझ्या पायरीवर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. शे-दोनशे माणसांचे मोबाइल खाली आले, जनरेटरचा तेवढा आवाज येत होता. तो परत येऊन गाड्याला हात लावून उभा राहिला, तेव्हा मी म्हणालो, "त्या दिशी माझं चुकलं रं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "हात दे, चढीव मला."

मी त्याला हात देऊन चढवला. पोरांनी गाडा ढकलला, घर मागं पडलं, आणि त्यानं तीन ठोके मारले.

मूर्ती पाण्यात गेल्यावर तो शेवटच्या गाडीनं शेरडांकडं गेला. राहा म्हणालो, राहिला नाही. मी बेंजो खांद्याला लावून घरी आलो. पायरीवरचा डबा उचलला, कुलूप काढलं, दिवा लावला. डबा चांगला जड होता. स्वयंपाकघरात गेलो आणि तो हातात धरून तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं तो डबा माझ्या घरात येत होता, जात होता, पण तो कुठल्या फळीवर ठेवायचा ते मला माहीत नव्हतं.